हाकेच्या अंतरावरचं गोदाम

संध्याकाळचे सव्वासात वाजलेत. कोथरूडमधल्या एका अरुंद रस्त्यावर पूर्वी सोफे आणि पलंग विकणारं दुकान होतं. आता त्याच्या काचांना आतून पांढरा कागद चिकटवलेला आहे. वर पाटी नाही, शटर अर्धं उघडं. समोर फूटपाथला लागून पंचवीस-तीस दुचाक्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त इलेक्ट्रिक, आणि त्यांच्यावर टेकून बसलेली तरुण पोरं. कुणी फोन पाहतोय, कुणी वडापाव खातोय. मधूनच आतून हाक येते. ती नावाने नसते, ऑर्डरच्या शेवटच्या चार आकड्यांनी असते. एक जण उठतो, खिडकीतून तपकिरी कागदी पिशवी घेतो, गाडीच्या हुकाला अडकवतो आणि निघतो. अर्ध्या तासात मी साठ पिशव्या मोजल्या.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय एका शब्दात कळवला होता: वेग. मला आधी द्रुतगती मार्ग आठवला, मग मेट्रो. आणि मग लक्षात आलं की माझ्या स्वतःच्या घरात सगळ्यांत वेगाने बदललेली गोष्ट अगदी साधी आहे. साखर संपली की आम्ही काय करतो? पूर्वी कुणीतरी पायात चपला घालायचं. आता कुणीतरी फोन उचलतं, आणि कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत दारावरची बेल वाजते. ही बेल वाजते कशी आणि ती वाजली की आणखी कुठे काय थांबतं, ते बघायला मी महिनाभर आमच्याच भागात हिंडले. फार लांब जावंच लागलं नाही. या व्यवसायाचं मर्मच लांब न जाण्यात आहे.

पंचवीसच्या वेगाने दहा मिनिटं

त्या अर्ध्या शटरच्या आत जाऊ द्या म्हणून विचारलं, तर तिथल्या मॅनेजरने नम्रपणे कंपनीचं पत्र मागितलं. पत्र मिळालं नाही. पण अशाच एका गोदामात वर्षभर काम केलेला आणि आता दुसरीकडे लागलेला एक मुलगा भेटला. चहाच्या टपरीवर त्याने माझ्या वहीत आतला नकाशाच काढून दिला.

या जागेला धंद्यात 'डार्क स्टोअर' म्हणतात. असतं ते दुकानच, फक्त गिऱ्हाईक आत येत नाही. उंच लोखंडी रॅक, रॅकमधल्या प्रत्येक खणाला पत्ता. ऑर्डर आली की माल गोळा करणाऱ्याच्या, म्हणजे 'पिकर'च्या, फोनवर ओळीने पत्ते उमटतात. "ताई, कांदा कुठंय हे लक्षात ठेवायचंच नाही," तो म्हणाला, "फोन सांगतो सी-सात-तीन, तिकडे हात घालायचा, कोड स्कॅन करायचा, पुढे." दूध, पाव, अंडी, कोथिंबीर पॅकिंगच्या टेबलाला लागून, कारण प्रत्येक दुसऱ्या ऑर्डरीत त्यातलं काहीतरी असतंच. झाडूसारख्या लांबलचक वस्तू अगदी टोकाला. सारख्या दिसणाऱ्या दोन वस्तू शेजारीशेजारी ठेवायच्या नाहीत, घाईत हात चुकतो. पिशवी दोन मिनिटांच्या आत खिडकीत यायला हवी.

मग रस्ता. पोरं चालवतात त्या भाड्याच्या इलेक्ट्रिक गाड्यांपैकी बऱ्याच गाड्या ताशी २५ किलोमीटरच्या पुढे जातच नाहीत. तेवढ्या वेगाच्या आतल्या, कमी ताकदीच्या गाडीला नोंदणी लागत नाही आणि चालवणाऱ्याला परवानाही लागत नाही, म्हणून तर त्या या कामात आल्या. म्हणजे ज्या सेवेचा वेग जगभर गाजतो, तिची गाडी रस्त्यावरच्या रिक्षापेक्षा हळू चालते. दोन किलोमीटरला पाच मिनिटं. गोदामातली दोन, जिन्याची एक-दोन. झाला हिशेब.

मला हा हिशेब कळला आणि सगळ्या विषयाकडे बघायची दिशाच बदलली. वेग हे या धंद्याचं नाव, भांडवल मात्र अंतराचं. चाकण, वाघोली, भिवंडीच्या बाजूच्या मोठ्या गोदामांतून माल रोज शहरात आणायचा आणि गिऱ्हाइकाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर महागड्या भाड्याच्या जागेत मांडून ठेवायचा. जवळ असणं विकत घ्यायचं. आणि आपल्याकडे आजवर जवळ कोण होतं? कोपऱ्यावरचा वाणी. त्याच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. मोठी जागा नव्हती, वातानुकूलन नव्हतं, जाहिरातीला पैसा नव्हता. जवळ असणं एवढीच त्याची पुंजी.

हा प्रयोग बाहेरच्या देशांतही झाला. इस्तंबूलच्या गेटिर या कंपनीने २०१५ मध्ये दहा मिनिटांत किराणा पोचवायला सुरुवात केली आणि बर्लिनची गोरिलाज ही स्पर्धक कंपनी विकतही घेतली. पुढे २०२४ च्या एप्रिलमध्ये तिने ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स आणि अमेरिकेतून गाशा गुंडाळायचं जाहीर केलं. तिकडे माणसाच्या तासाची किंमत मोठी, वस्ती विरळ, आणि लोक आठवड्याचं सामान गाडीच्या डिकीत भरून आणणारे. आपल्याकडे तिन्ही गोष्टी उलट आहेत. एका मजल्यावर चार बिऱ्हाडं, रोज थोडं थोडं आणायची जुनी सवय, आणि मिळेल ते काम करायला शहरात आलेले तरुण हात. २०१३ मध्ये ग्रोफर्स म्हणून सुरू झालेल्या कंपनीने २०२१ च्या अखेरीस ब्लिंकिट हे नाव घेतलं, पुढच्या वर्षी झोमॅटोने ती विकत घेतली. स्विगीची इन्स्टामार्ट २०२० ची. झेप्टो तर कॉलेज सोडून आलेल्या दोन मुलांनी २०२१ मध्ये मुंबईत उभी केली. २०२५ च्या एप्रिल ते जून या तिमाहीत ब्लिंकिटवरच्या ऑर्डरींचं मूल्य झोमॅटोवरच्या जेवणाच्या ऑर्डरींहून वर गेलं. ज्या कंपनीने शहराला हॉटेलचं जेवण घरी मागवायला शिकवलं, तिच्याच घरात कांदे-बटाटे आणि साबण पुढे निघाले.

वाणसामानाची यादी

आमच्या सासूबाईंच्या कपाटात जुन्या याद्यांचा गठ्ठा सापडला. पाठकोऱ्या कागदांवर निळ्या शाईत, महिन्याला एक यादी. तूरडाळ ३ किलो, साखर ५, शेंगदाणे १, हिंग एक डबी. शेवटी एक रेघ आणि खाली 'पाहुणे आल्यास' असं लिहून पोहे, रवा. आश्विनातल्या यादीला मागे पुरवणी: चिवड्याचे पोहे, डाळं, खोबऱ्याच्या वाट्या, मोती साबण, उटणं. डब्यांत काय उरलंय ते वाकून बघून, महिन्याच्या पगारात काय बसतं ते ठरवून ही यादी व्हायची. तिला सासूबाई 'वाणसामानाची यादी' म्हणत.

यादीच्या या सवयीवर महाराष्ट्रात एक मोठी चळवळ उभी राहिली. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ केले. सगळ्यांनी महिनाभर आधी मागणी नोंदवायची, पंचायतीने एकत्र घाऊक खरेदी करायची, माल संघात एका घरी उतरायचा आणि बायकांनी तिथे बसून आपसांत वाटून घ्यायचा. तीही घरपोच सेवाच. पण ती थांबण्यावर उभी होती. आधी सांगण्याने माल स्वस्त आणि चोख मिळतो, हे तिने हजारो घरांना दाखवून दिलं.

आज आमच्या घरात यादी नाही. माझ्या फोनमधल्या एका महिन्याच्या ऑर्डरी मी कागदावर उतरवल्या, तर २३ निघाल्या. त्यांतल्या खऱ्या तातडीच्या किती? तीन. लेकाला जुलाब झाले तेव्हाची मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं, रात्री अचानक गेलेला स्वयंपाकघरातला बल्ब, आणि न कळवता आलेल्या पाहुण्यांसाठी दूध. उरलेल्या वीस ऑर्डरी डबा न बघितल्याच्या होत्या. लिंबू मागवायला गेले आणि घरपोच फुकट व्हावं म्हणून दोन पाकिटं बिस्किटं घातली, असं पाच वेळा. एका बिलात वस्तूंच्या खाली हाताळणीचा आकार, छोट्या ऑर्डरीचा आकार, पावसाचा आकार अशा तीन ओळी. लिंबांपेक्षा त्या ओळी महाग पडल्या होत्या.

किंमत शेवटच्या पायरीवर थोडीथोडी वाढवत नेणं, न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणं, 'फक्त दोनच उरले' अशी खोटी घाई लावणं, या प्रकारांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचना ठरवलं. अशा तेरा प्रकारांवर बंदी आहे. बंदी कागदावर आहे आणि बोट आपलं स्क्रीनवर, त्यामुळे बिलाची शेवटची ओळ वाचायचं काम आपल्याच डोळ्यांना करावं लागतं.

गल्ल्यामागून

आमच्या कोपऱ्यावरचे शेठ पन्नाशीचे. वडील राजस्थानातून आले, यांचा जन्म पुण्यातला, मराठी माझ्याहून ठसठशीत. दुकान दहा बाय पंधराचं. दुपारी तीनला गेलं की ते बोलायला मोकळे असतात. "पूर्वी तीनला पण नसायचो वहिनी," ते म्हणाले. यापुढे त्यांनी एकही तक्रार केली नाही. फक्त कुठला माल कसा गेला ते सांगत राहिले.

आधी गेली थंड पेयं आणि आइस्क्रीम. मग चिप्स, चॉकलेट, इन्स्टंट नूडल्स. मग शॅम्पू, डायपर, फरशी पुसायचं औषध. म्हणजे ज्याच्यावर छापील किंमत असते आणि जे कुठूनही घेतलं तरी तेच निघतं, ते सगळं. या मालात दुकानदाराला सुटतात थोडेच, पण तो रोज विकला जातो, रोज रोख येते, आणि त्या रोखीवर वितरकाचं सात-पंधरा दिवसांचं देणं भागतं. सुट्ट्या डाळी-तांदळात जास्त सुटतं, पण पैसा पोत्यात अडकून बसतो. "पोतं राहिलं, गल्ला गेला," शेठ म्हणाले. तेलाच्या एका पिशवीची किंमत त्यांनी मला फोनवर दाखवली. त्यांना वितरकाकडून मिळते त्याहून ती कमी होती. "आता मी वितरकाला फोन करू का तिकडूनच दहा मागवून इथे ठेवू?" हा प्रश्न त्यांनी खरोखरीचा विचारला होता. उत्तर माझ्याकडे नव्हतं.

वितरकांची बाजूही हीच. मोठ्या कंपन्यांचा माल परंपरेने वितरकाकडून दुकानात जातो. वितरकाचा सेल्समन ठरलेल्या वारी येतो, ऑर्डर लिहून नेतो, दुसऱ्या दिवशी टेम्पो येतो, मुदत संपलेला माल परत जातो. आता कंपन्या तोच माल थेट या गोदामांना देतात आणि जास्त सवलतीत देतात, असं वितरकांचं म्हणणं. अखिल भारतीय ग्राहकोपयोगी वस्तू वितरक महासंघाने २०२४ मध्ये दावा केला, की वर्षभरात सुमारे दोन लाख किराणा दुकानं बंद पडली. दावा करणारे स्वतः त्या झळीत आहेत, त्यामुळे आकडा तपासूनच घ्यावा. आमच्या रस्त्यावर मी मोजलं. पाच दुकानांतली दोन बंद झाली. त्यांतल्या एकाचा मुलगा हिंजवडीत नोकरीला लागला आणि बापाने आनंदाने शटर ओढलं. दुसऱ्याची जागा मालकाने जास्त भाड्यावर दिली. कुणाला दिली असेल ते सांगायला नको, काचांना पांढरा कागद लागलाय. सगळ्या मरणांचं खापर अ‍ॅपवर फोडता येणार नाही, पण त्या दुसऱ्या दुकानाबाबत तरी मला शंका नाही.

आणि धक्का फक्त लहानांना बसला असंही नाही. पवईत २००२ मध्ये पहिलं दुकान काढून मध्यमवर्गाचा महिन्याचा किराणा स्वतःकडे वळवणाऱ्या डीमार्टनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये निकाल जाहीर करताना मान्य केलं, की महानगरांतल्या मोठ्या दुकानांवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम स्पष्ट दिसतोय. शेठना हे सांगितलं. ते म्हणाले, "ज्याने मला पहिल्यांदा हलवलं, त्यालाही हलवणारा आला म्हणायचा."

मग त्यांनी गल्ल्याखालून वही काढली. लाल कापडी बांधणीची, कोपरे झिजलेली उधारीची वही. पानांवर नावं जवळजवळ नाहीतच. '३०२', 'रिक्षावाले दादा', 'शाळेतल्या बाई', 'मावशी (भांडी)', 'वॉचमन नवा'. समोर तारीख, रक्कम, आणि पैसे आले की तिरकी रेघ. 'मावशी' या पानावर जूनमध्ये एकदम मोठी रक्कम: वह्या, तेल, साखर, डाळ. जुलैत रेघ नाही, ऑगस्टमध्ये अर्धी रेघ. "मुलीची शाळा सुरू झाली, त्यात त्या आजारी पडल्या. येतील पैसे," शेठ म्हणाले. व्याज नाही, कागद नाही, आधार क्रमांक नाही. चार हजार रुपये तीन महिने बिनबोभाट थांबले होते, कारण समोरची बाई कोण आहे ते त्यांना माहीत होतं.

अ‍ॅपचं गोदाम शेठच्या दुकानाइतकंच जवळ आलं. पण जवळिकीतून जी ओळख व्हायची ती त्याला विकत घेता आली नाही, आणि त्याला ती नकोही आहे. आमच्या घरी धुणंभांडी करणाऱ्या मावशींच्या फोनमध्ये ते अ‍ॅप आहे, त्यांच्या लेकीने घालून दिलंय. त्या ते वापरत नाहीत. पावशेर तेल तिथे मिळत नाही आणि दहा तारखेपर्यंत तिथे कुणी थांबत नाही. रोज बिस्किटं घेणाऱ्या सुस्थितीतल्या गिऱ्हाइकाच्या रोखीवर दुकानदार गरीब गिऱ्हाइकाची उधारी पेलत होता. ती रोख अ‍ॅपकडे गेली आणि उधारी दुकानात राहिली. मला या सगळ्या बदलातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच वाटते, आणि ती कुठल्याच कंपनीच्या ताळेबंदात दिसायची नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी

दुसरी बाजू आमच्याच जिन्यात आहे. वरच्या मजल्यावरच्या आजी ७८ वर्षांच्या, गुडघे गेलेले, लिफ्ट नाही. मुलगा न्यू जर्सीत. रोज संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल येतो, त्याची तेव्हा सकाळ. "आई, काय संपलंय?" बोलता बोलता तो तिकडून मागवतो आणि फोन ठेवायच्या आत इकडे बेल वाजते. स्विगीने तर २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये २७ देशांतल्या लोकांना तिथूनच ऑर्डर देण्याची सोय केली. परदेशातल्या किती मराठी लेकरांनी तिचा आधार घेतला असेल ते पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत विचारावं. आजी म्हणतात, "तो पोरगा पिशवी ठेवतो ना, तर रोज एक माणूस दाराशी येऊन जातो. काही झालं तर कुणाला तरी कळेल." आजींना या सेवेने स्वातंत्र्य दिलंय. कामावरून रात्री नऊला परतणाऱ्या, पाळीच्या दिवसांत दुकानात उभं राहायला संकोचणाऱ्या कितीतरी मुलींनाही दिलंय. वेग वाईट, असं त्यांच्यासमोर मी म्हणणार नाही.

बिलावरचं अनोळखी नाव

एखादं बिल उघडून विक्रेत्याचं नाव वाचून बघा. अ‍ॅपचं नाव बहुधा तिथे नसतं. कुठल्यातरी वेगळ्याच कंपनीचं असतं. असं का? परदेशी भांडवल असलेल्या ई-कॉमर्स कंपनीला आपल्याकडे स्वतःचा माल साठवून थेट गिऱ्हाइकाला विकायला परवानगी नाही. तिने फक्त बाजार भरवायचा, विकणारे दुसरे. डिसेंबर २०१८ मध्ये हे नियम आणखी कडक झाले आणि फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाले. लहान दुकानदाराचं रक्षण हाच त्यामागचा हेतू. पण गोदाम, रॅक, किंमत, जाहिरात, पिशवी हे सगळं एकाच्या आज्ञेत चालत असताना कागदावर विक्रेता दुसरा, याला बाजार म्हणायचं का, हा वितरकांचा प्रश्न मला रास्त वाटतो. २०२५ मध्ये ब्लिंकिटच्या मूळ कंपनीने, इटर्नलने, परदेशी मालकी ४९.५ टक्क्यांवर रोखण्याचा ठराव केला. भारतीय मालकीची कंपनी ठरली की माल स्वतः साठवायची मोकळीक मिळते.

वितरक महासंघाने स्पर्धा आयोगाकडेही धाव घेतली. तोट्यात विकून लहानांना संपवताहेत, अशी तक्रार. इथे कायद्याची एक मेख आहे. खर्चापेक्षा कमी भावात विकणं आपल्या स्पर्धा कायद्यात गैर ठरतं ते विकणारा बाजारात वर्चस्व राखून असेल तरच. आज तीन-चार कंपन्या एकमेकींशी झुंजताहेत. फ्लिपकार्ट २०२४ मध्ये उतरलं, अ‍ॅमेझॉन त्याच्या पुढच्या वर्षी. एकीचंही वर्चस्व सिद्ध होणं अवघड. चौघांच्या कुस्तीत आखाड्याबाहेरचा प्रेक्षक चिरडला, तर कुणा एकावर बोट ठेवता येत नाही. कायदा ज्या दिवशी लागू पडेल, त्या दिवशी झुंज संपलेली असेल आणि सवलतीही. हा कायदा लिहिताना अशी परिस्थिती डोळ्यांसमोर नव्हती. तो बदलायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे.

बंद काचांचा आणखी एक प्रश्न आहे, तो स्वच्छतेचा. शेठच्या दुकानातलं पोतं मला दिसतं, उंदराच्या लेंड्या असल्या तर त्याही दिसतील. पांढऱ्या कागदामागचं दिसत नाही. जून २०२५ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने धारावीतल्या अशा एका गोदामाचा परवाना निलंबित केला, त्याच महिन्यात पुण्यात बालेवाडीतल्या एका गोदामाचाही. गिऱ्हाइकाची नजर हा एक फुकटचा निरीक्षक होता. तो आता दाराबाहेर आहे आणि त्याची जागा भरून काढतील एवढे सरकारी निरीक्षक नाहीत.

कट्ट्यावर

टपरीवर भेटलेला एक जण नांदेड जिल्ह्यातला, वय चोवीस. सकाळी अभ्यासिका, संध्याकाळी सहा ते बारा ऑर्डरी. राज्यसेवेची परीक्षा दोनदा दिली, तिसऱ्यांदा देतोय. पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटलीशेजारी चालू घडामोडींचं मासिक होतं. पुण्यातल्या पेठांत स्पर्धा परीक्षेला आलेल्या मुलांची अख्खी पिढी राहते. त्यांतल्या अनेकांच्या खोलीचं भाडं आता या पिशव्यांतून निघतं.

"घरी सांगितलंय का?" मी विचारलं.

"आईला माहितीय. दादाला नाही." थोडं थांबून म्हणाला, "काम वाईट नाही ताई. कुणी शिव्या देत नाही, महिनाअखेरची वाट बघावी लागत नाही, पैसे आठवड्याला खात्यात येतात. पण गाडीचं भाडं आधी कापतात. आणि आयडी कधी बंद होईल ते सांगता येत नाही. बंद झाला तर भांडायचं कुणाशी? तिकडे माणूस नसतोच."

दहा मिनिटांबद्दल विचारलं. कंपन्या म्हणतात की रायडरच्या फोनवर दहा मिनिटांचं घड्याळ नसतं, वेग येतो तो गोदाम जवळ असल्यामुळे. गणित मी वर मांडलंच आहे, त्यात तथ्य आहे. त्याने मान हलवली. "घड्याळ नाही, आकडा असतो. एवढ्या ऑर्डरी झाल्या तर एवढा इन्सेंटिव्ह. रात्री साडेअकराला दोन ऑर्डरी कमी असतात, पाऊस असतो, आणि तेव्हा माणूस सिग्नल बघत नाही." अमेरिकेत डॉमिनोजने तीस मिनिटांत पिझ्झा देण्याची हमी १९९३ मध्ये मागे घेतली, अपघाताच्या खटल्यात ज्यूरीने जबर भरपाई द्यायला लावली तेव्हा. आपल्याकडे ३१ डिसेंबर २०२५ ला, वर्षातल्या सर्वांत मोठ्या धंद्याच्या रात्री, डिलिव्हरी कामगारांच्या संघटनांनी देशभर संप पुकारला. जानेवारीत केंद्रीय कामगारमंत्री मनसुख मांडविया यांनी कंपन्यांना दहा मिनिटांची भाषा सोडायला सांगितलं आणि ब्लिंकिटने तो दावा जाहिरातीतून काढला. शब्द गेला हे चांगलंच झालं. इन्सेंटिव्हचा आकडा आहे तिथेच आहे.

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये संसदेत मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली. तिच्यात या मुलांना पहिल्यांदा 'गिग कामगार' हे कायद्याचं नाव मिळालं. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षा निधीत घालायची आहे, मुलांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत. २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील, असा नीती आयोगाचा अंदाज आहे. नांदेडच्या मुलाला संहितेचं कलम तोंडपाठ होतं, परीक्षेला आहे म्हणून. नोंदणी मात्र त्याने अजून केलेली नव्हती. मी विचारल्यावर म्हणाला, "करतो." एवढ्यात आतून चार आकड्यांची हाक आली आणि तो उठला.

चहा त्याने अर्धाच प्यायला होता.

नवी वही

दिवाळी तोंडावर आली तशी मी पुन्हा शेठकडे गेले. दुकानात भाजणीसाठी डाळींची पोती उघडी होती आणि तीन बायका उभ्या होत्या. अ‍ॅपवर धनत्रयोदशीला सोन्याचं नाणंसुद्धा मिळतं, पण चकलीच्या भाजणीला कुठली डाळ किती घ्यायची हे विचारायला त्या इथे आल्या होत्या. शेठ सांगत होते, तांदूळ जुना घ्या, नवा घेतला तर चकली मऊ पडते. त्यांचा पुतण्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या याद्या बांधत होता. २०२० च्या टाळेबंदीत सुरू केलेलं हे काम त्यांनी बंद केलेलं नाही. दुपारच्या आत यादी आली तर संध्याकाळी सायकलवरून सामान घरी जातं. किती मिनिटांत, ते कुठे लिहिलेलं नाही.

गर्दी ओसरल्यावर त्यांनी लाल वही पुन्हा काढली. गेल्या दिवाळीत तिच्यात ६१ खाती उघडली होती. चालू आहेत ती ३८. लक्ष्मीपूजनाला पुजायची नवी वही अप्पा बळवंत चौकातून आणून ठेवलेली होती, अजून प्लास्टिकमध्ये. दोनशे पानीच, वडील आणायचे तशी.

मी सासूबाईंच्या पद्धतीने लिहिलेली यादी त्यांच्या हातात दिली, शेवटी रेघ मारून खाली 'पाहुणे आल्यास' असं लिहिलेली. पैसे पाच तारखेला. आमचं पान ३९ वं आहे.